वर कुठं, खाली कुठं

प्रिय दादा,

तू कशानं गेलास, हे तुला तरी ठाऊक आहे का?

वहिनी म्हणते, "त्यांचं त्यांनाच म्हाईत." पण मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की तुलाही ते माहीत नव्हतं. विहिरीत त्या शेवटच्या घटकेला तू जे केलंस, ते बरोबरच करतोय असं समजून केलंस. आता मला ते नक्की कळलंय. दुपारी महाळुंग्याच्या चावडीत फौजदारांनी कागद बांधले, किसनला घरी जायला सांगितलं, आणि मी एस.टी.नं चिंचवडला परत आले. खोलीचं दार उघडलं, पाणी प्यायले आणि तशीच लिहायला बसले. गावाला कळलं, पोलिसांना कळलं, तात्यांना कळलं. ज्याचं झालं त्याला कुणी सांगायचं?

मला आधी खटकले ते तुझे हात.

निरोप घेऊन माणूस शाळेत आला तेव्हा मी मुलींना बेरजा घालत होते. "तुमचा दादा बुडाला," असं तो म्हणाला आणि मी त्याच्यावरच ओरडले, "आमचा दादा? बुडेल कसा?" खरं सांग, तूही असाच ओरडला असतास ना? इंद्रायणीला पूर आला की लोक काठावर उभे राहायचे आणि तू पलीकडे जाऊन परत यायचास. कुणाची घागर विहिरीत पडली की तुलाच बोलावणं. तू तळाशी इतका वेळ राहायचास की काठावरच्या बायका गलका करायला लागायच्या, आणि मग तू घागर डोक्यावर पालथी घालून वर यायचास. मुद्दाम करायचास तू ते! आईची किती वेळा बोलणी खाल्लीस त्यावरून.

असा माणूस घरच्या विहिरीत, उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पाण्यात बुडतो?

मी पोचले तेव्हा तुला काठावर निजवलं होतं. तोंडावर धोतर टाकलेलं. हात उघडे होते. दोन्ही मुठी गच्च मिटलेल्या आणि त्यांत काळा गाळ. नखांत गाळ, मनगटापर्यंत गाळ. जी घागर काढायला उतरलास ती तर तळाशी दुसऱ्याच कडेला सापडली. मग तू काय उकरत होतास, दादा? बुडणारा माणूस वर धडपडतो. तू खाली का गेलास?

हा प्रश्न तिथं कुणीच विचारत नव्हतं. बायका रडत होत्या. पोलीस पाटील पंच गोळा करत होते. आणि तात्या, आपले सख्खे चुलते, येणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट ऐकवत होते.

"येक तर त्यो प्यालेला व्हता, न्हाईतर किसननं घात केला. तिसरं काय असंल, सांगा!"

किसनवर बोट जाणारच होतं. तू पाण्यात शिरलास तेव्हा काठावर तो एकटा होता. त्याला पोहता येत नाही हे गावाला माहीत आहे, म्हणून त्यानं उडी घेतली नाही हे समजण्यासारखं. पण बोलणं का बदललं त्यानं? आधी पाटलांना म्हणाला, "पाय घसरला त्येचा." मग फौजदार आले तर म्हणाला, "घागर काढाया सोताच उतरला." लहानपणापासून तुझ्या सावलीसारखा असलेला माणूस, तुझ्या मरणाबद्दल दोन तऱ्हा का सांगतो?

आणि वहिनी! तिचं तर मला अजूनच विचित्र वाटलं. किसन दारात आला तशी तिनं मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि हलकेच नकाराची खूण केली. कुणाच्या लक्षात आली नाही. माझ्या आली. तो आल्या पावली परत गेला.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं असेल, ते तू ओळखलंच असशील. मला शंकेखोर म्हणायचास ना? भाजीवाल्याचं तागडं उचलून बघते म्हणून हसायचास. पण दादा, शंका येण्यासारखं तू आधीपासूनच करत होतास.

देहूरोडच्या लष्कराच्या डेपोत तू खोकत खोकत कामाला जायचास, तिथपासून सगळं मला आठवतंय. रुमालावर रक्त दिसलं आणि घरादाराचा धीर सुटला. मग नदीपलीकडचं ते क्षयाचं इस्पितळ. दंडावर आणि ढुंगणावर रोजची सुई. बाहेरदेशातून आलेलं औषध, त्याच्या बाटल्यांकडे वहिनी देवाकडे बघावं तशी बघायची. आपल्या आळीतले एवढे जण त्याच रोगानं गेले. तू नाही गेलास. तुला भूक लागली, अंगावर मांस चढलं, छातीचा फोटो साफ आला. घरी आलास तेव्हा वहिनीनं तुझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

गाव मात्र बिचकूनच होतं. तुझा कप वेगळा, पारावर तुझ्याभोवती जागा रिकामी. तू ते हसण्यावारी न्यायचास. म्हणायचास, "बरंय की, ऐसपैस बसाया मिळतं."

मग ती भाऊबीज. आठवते? मी चिंचवडहून सकाळीच आले होते. तू परसात आंघोळीला बसला होतास. उभा राहिलास, तोंडाला साबण लावलास, डोळे मिटलेस आणि उभाच्या उभा कुडावर कोसळलास. झाड पडावं तसा! मी धावले तर म्हणालास, "साबण पायाखाली आला गं." साबण तुझ्या हातातच होता. मी तुला धरून उठवलं आणि उठवताना तुझ्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. तरीही मला खात्री वाटेना.

पुढं चाकणच्या बाजारात तू समोरून आलास. मी हात केला. तू सरळ माझ्याकडे बघत चालत होतास आणि तुझ्या चेहऱ्यावर ओळख म्हणून दिसेना. अगदी जवळ येऊन थांबलास आणि मग एकदम हसलास, "शकू! तू कवा आलीस?" दादा, मला किती लागलं होतं ते! वाटलं, वहिनीनं काही कानात भरलंय. नाहीतर माझ्याकडून काही लपवायचंय.

लपवायचं तर होतंच. डेपोची नोकरी तू आपण होऊन सोडलीस. मला सांगितलंस, काम संपलं. पण माझ्या शाळेतल्या शिपायाचा मेहुणा तिथंच आहे. तो म्हणाला, "काम कुठं संपलं? शिडीवर चढायला सांगितलं तर नको म्हणाले आणि गेले निघून." उंच आंब्यावर माकडासारखा चढणारा तू, शिडीला नाही म्हणालास? आणि संध्याकाळी कीर्तनाहून येताना किसननं तुझं कोपर धरलेलं असायचं. गाव म्हणायचं, दोघं झिंगून येतात. मीही कोपर धरलेलं पाहिलं. तुझी पावलं फेंगडी पडताना पाहिली.

एका तरी वेळी मला खरं का नाही सांगितलंस रे?

तेराव्यानंतर मी गावातच राहिले. शाळेत रजा टाकली. तात्यांनी घाई चालवली होती. वहिनीनं फौजदारांपुढं सांगावं की तुझं आणि किसनचं भांडण होतं, असं त्यांचं म्हणणं. ती चूल फुंकत बसून राहिली. "भांडान न्हवतं," एवढंच बोलली. तात्या तिथल्या तिथं कडाडले, "मंग त्येला कशापायी वाचवतीस गं? काय लागतो तुझा त्यो?" दारात शेजारणी उभ्या होत्या. दादा, त्या एका वाक्यानं तुझ्या बायकोचं गावात काय झालं असेल, तूच विचार कर. पाणवठ्यावर ती गेली की बाकीच्या हंडे उचलायला लागल्या.

माणसं पांगल्यावर मी तिला विचारलं, "वहिनी, किसनला तुम्ही खूण केलीत. मी पाहिली. कशाची?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा तिचा बांध फुटला. "वन्सं, मला आन घातलीया त्यांनी. म्या न्हाई सांगायची. त्याला इचारा. त्याची सुटली असंल तर सुटली."

किसन मळ्यात कांद्याच्या पाती कापत होता. मला बघून उभा राहिला. हातातला विळा खाली ठेवला, जणू मला त्याची भीती वाटेल.

"शकूताई, तुमालाबी वाटतं का, म्या मारला त्याला?"

"मला काय वाटतं ते सोड. तू काय लपवतोस ते सांग."

तो बांधावर बसला. मग म्हणाला, "दवाखान्यातनं आल्यापास्नं त्याचा तोल गेल्याला. दिवसाउजेडी चालायचा, पर अंधार पडला की पाय त्याचं ऱ्हायचं न्हाईत. डोळं मिटलं की पडायचा. मला म्हनला, किसन, कुनाला कळू देऊ नगंस. आदीच रोगी म्हनत्यात. आता म्हनतील, रोग डोस्क्यात चढला. म्हनून म्या धरून आनायचो."

"आणि विहीर?"

"तात्यांच्या सुनंची घागर पडली. तात्यांनी बलावलं. ह्यो नगं नगं म्हनत व्हता. दवाखान्यातनं आल्यापास्नं पान्यात पाऊल न्हवतं घातलं त्यानं. तर तात्या सगळ्यांम्होरं म्हनलं, काय रं, पान्याला भ्यालास व्हय? आन त्यो उतरला. तात्या आन बाकीची घराकडं गेली. म्या काठावर. बुडबुडं आलं, पानी ढवाळलं. म्हनलं, आता घागर डोक्यावर घिऊन येतोय…" त्यानं विळा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "घसरला म्हनलो, कारन आन व्हती. पाटलाला काय सांगू? तोल न्हवता म्हनून? मग त्याचं गुपित गेलंच की!"

खरं सांगू? मला तेव्हाही त्याच्यावर पुरता विश्वास बसला नाही. रचून सांगायला ही गोष्ट बरी होती. माणूस मेलाय, आता त्याच्या नावावर काहीही खपवा. आणि तोल गेलेला माणूस जमिनीवर पडेल. पाण्यात पडायला जागा कुठं असते? पाण्यात तर तो तरंगेल, वर येईल. नाही का?

म्हणून मी इस्पितळात गेले.

तुझ्या वॉर्डाच्या डॉक्टरबाई तुला आठवत असतील, जाड काचांचा चष्मा, भराभर चालणाऱ्या. मी तुझं नाव सांगितलं. त्यांना ओळख पटली. "ते बरे होऊन गेले," त्या म्हणाल्या.

"गेले. पण बरे होऊन नाही. विहिरीत बुडाले."

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला तिथंच संशय आला. वाईट वाटलेलं माणूस समोरच्याकडे बघतं, खिडकीकडे नाही.

"डोळे मिटले की पडणारा माणूस तुम्ही बरा म्हणून घरी कसा धाडलात?" मी विचारलं.

त्यांनी उठून दार लोटलं. मग माझ्या हातातल्या तीन बांगड्या मागितल्या.

मला वाटलं, ही बाई मला गुंडाळणार. पण दिल्या काढून. त्यांनी एक टेबलावर आडवी ठेवली आणि दोन तिच्यावर उभ्या धरल्या, एकमेकींना काटकोनात. "कानाचा पडदा ओलांडून आत, डोक्याच्या सगळ्यात टणक हाडात, चिंचोक्याएवढी एक पोकळी असते," त्या सांगायला लागल्या. "तिचा एक भाग गोगलगायीच्या शंखासारखा वळलेला. तो ऐकतो. दुसरा भाग ऐकण्याच्या कामाचा नाही. तिथं अशा तीन वाकड्या नळ्या असतात, सुतासारख्या बारीक, आणि त्यांत पाणी असतं. मान वरखाली हलवली की एका नळीतलं पाणी जागच्या जागी मागं राहतं. नाही म्हणून हलवली की दुसरीतलं. खांद्याकडे कलवली की तिसरीतलं. नळीच्या बुडाशी बारीक केस असतात, ते वाकतात. तेवढ्यावर मेंदूला कळतं, डोकं कुठं वळलं."

"आणि वर-खाली?" मी विचारलं. तुझे हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

"त्यासाठी नळ्यांच्या पायथ्याशी दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. तिथंही केस. त्यांच्यावर चिकट थर, आणि थरावर खडूच्या भुकटीसारखे कण. कण जड, ते जमिनीकडे ओढले जातात. ज्या बाजूला ओढ, ती खाली. डोळे मिटूनही माणसाला कळतं ते यामुळे. तुमच्या भावाला जे औषध दिलं, त्यानं फुप्फुसातला रोग मारला. पण कुणाकुणाच्या कानातले हे केसही मारतं. ते पुन्हा येत नाहीत."

"त्याला तर नीट ऐकू यायचं! परसात कुजबुजलं तरी ओसरीवर ऐकू यायचं त्याला."

"येणारच. शंख शाबूत होता."

मग त्यांनीच मला विचारलं, चालताना ओळख द्यायचे का? मी चमकले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या म्हणाल्या, चालताना आपलं डोकं हिंदकळतं, पण डोळे स्थिर राहतात, कारण हा आतला कान त्यांना सांभाळून घेतो. तो मेला की चालताना सगळं जग थरथरतं, समोरचा चेहरा पुसल्यासारखा होतो. थांबलं की पुन्हा दिसतो.

चाकणच्या बाजारात तू मला टाळत नव्हतास, दादा! तुला मी दिसतच नव्हते! माझा चेहरा बघायला तू थांबलास आणि मी मात्र मनात ते कुठल्या कुठं नेलं.

तरी मी म्हणाले, "दाखवा मला." त्या रागावल्या नाहीत. वॉर्डातून एका बाईला बोलावलं. तिचंही तेच औषध झालं होतं. ती व्हरांड्यात पावलं जुळवून उभी राहिली, छान हसून. डॉक्टरबाई तिच्या मागं हात पसरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिटा डोळे." डोळे मिटले मात्र, ती बाई झुलली आणि उभीच्या उभी कोसळायला आली. त्यांनी तिला झेललं. भाऊबीजेला परसात मी जे पाहिलं होतं तेच. तसूभर फरक नाही.

ती बाई गेल्यावर डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माणूस डोळे, पावलं आणि हा कान, या तिन्हींच्या आधारानं उभा असतो. एक गेलं तर बाकीचे सांभाळून नेतात. विहिरीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांना काय दिसणार? पावलांखाली जमीन नाही. आणि कान मेलेला." मग थांबल्या. "मला सांगा, ते सापडले तेव्हा हात कुठं होते? तळाशी होते का? गाळात?"

मी हातांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, दादा. शपथ घेऊन सांगते, अवाक्षर नाही.

मी नुसती मान हलवली. त्यांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तू वर येत होतास! तुझ्या हिशेबानं तू वरच येत होतास. सगळ्या ताकदीनं हात मारत, पाणी संपेल, हवा लागेल म्हणून. आणि हाताला गाळ लागला तेव्हाही तुला वाटलं असेल, हे काय आडवं आलंय, बाजूला सारू, वर जाऊ. तू जीव द्यायला गेला नव्हतास. झिंगलेला नव्हतास. तुला कुणी ढकललं नव्हतं. तू घरीच येत होतास रे!

मी डॉक्टरबाईंना विचारलं, "पाण्याचं त्याला बोलला होतात?"

"तोल जाईल, सावकाश सवय होईल, एवढं बोलले होते. पाण्याचं नाही."

"का?"

"कारण आधी ज्यांना ज्यांना मी सांगायची, त्यांतले कितीक सुई नको म्हणून घरी पळून गेले. आणि घरी जाऊन मेले. तुम्ही हे गावात बोललात की इथलेही पळतील. मग मी काय करू, तुम्हीच सांगा."

 मला राग पुरता येईना. मी एवढंच म्हणाले, "मी बोलले नाही तर एक निर्दोष माणूस फासावर जाईल. तुम्ही चावडीत येऊन सांगा." त्या 'बघते' म्हणाल्या. बघते म्हणणारी माणसं येत नाहीत, हा माझा अनुभव.

खोलीवर येऊन मी आणखी एक केलं. हसू नकोस. पेल्यात पाणी घेतलं, त्यावर खडूची भुकटी टाकली आणि पेला गर्रकन फिरवला. पेला फिरला, भुकटी जागच्या जागी राहिली. पुन्हा फिरवला. पुन्हा तेच. डॉक्टरबाईंवर माझा विश्वास बसला तो तिथं.

आज चावडीत सगळे जमले. किसन खांबाला टेकून उभा, चार माणसांपासून बाजूला. वहिनी पदर ओढून भिंतीशी. एस.टी. आली, गेली, डॉक्टरबाई उतरल्या नाहीत. तात्या माझ्याकडे बघून म्हणाले, "शके, शाळा शिकलीस म्हून कायबी सांगशील व्हय? पानी आन कानाचा काय संबंध?" फौजदारही मिशीत हसले. मी बोलत राहिले, पण माझ्या बोलण्याला वजन येईना. तेवढ्यात कांद्याचा एक ट्रक चावडीसमोर थांबला आणि ड्रायव्हरच्या शेजारून डॉक्टरबाई उतरल्या. एस.टी. चुकली म्हणून चाकणहून तशाच आल्या होत्या.

त्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पाण्याचं सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, हेही सांगितलं. फौजदारांनी हसणं थांबवलं. पंचनामा काढून हातांबद्दलची ओळ पुन्हा वाचली, आणि किसनकडे बघून म्हणाले, "तू जा घरी."

किसन जागचा हलला नाही. तो तात्यांकडे बघत होता. सगळेच बघत होते. तात्या पायरीवर बसले होते, ते एकाएकी म्हातारे दिसायला लागले.

"म्हंजी," ते म्हणाले, "त्यो नगं म्हनत व्हता. आन म्या त्येला भित्रा म्हनलो. म्याच धाडला की त्येला."

दादा, तेव्हा मला कळलं, ते पहिल्या दिवसापासून का ओरडत होते. किसननं मारलं नसेल तर मग कुणी, हा प्रश्न त्यांना झोपू देत नसणार. त्यांच्या ओरडण्यामागं मी तुझ्या जमिनीचा, विहिरीतल्या वाट्याचा लोभ शोधला. हे मला दिसलं नव्हतं.

 वहिनी उठली. पदर सावरला, तात्यांसमोर जाऊन उभी राहिली. ज्यांनी तिला भर दारात तसलं विचारलं होतं, त्यांना म्हणाली, "मामंजी, त्यांनी सांगितलं असतं तर तुमी धाडला असता का? आमी तिघांनी झाकलं. तुमाला कसं कळावं? उठा. घरला चला." आणि त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. किसननं दुसरा हात धरला. सगळी चावडी बघत होती आणि ती तिघं उन्हातून चालत गेली.

तू असतास तर काय म्हणाला असतास? मला नाही ओळखता येत. तुझ्यावर मी अजून रागावलेली आहे. रोगी म्हणवून घेण्याची एवढी लाज? माझ्याजवळही? मला सांगितलं असतंस तर मी तेव्हाच इस्पितळ गाठलं असतं. पाण्याचं विचारलं असतं. मी सगळं विचारते, तुला माहीत होतं!

जाताना डॉक्टरबाईंनी मला पुन्हा तेच विचारलं, आता वॉर्डात काय होईल? गावोगाव बोभाटा होईल, सुई माणसं मारते म्हणून. उद्या एखादी तरणी पोर सुई सोडून घरी जाईल आणि खोकून मरेल. खोटं नाही ते. तुला त्या औषधानं उठवलं होतं, हेही खोटं नाही. त्यानं तुला जेवढे दिवस दिले, तेवढे वहिनीनं तुझ्यासोबत काढले. ती एकही परत द्यायला तयार नाही, मी विचारलंय तिला.

तेव्हा तुला शब्द देते, दादा. रविवारी शाळा नसते. मी त्या वॉर्डात जाईन. डॉक्टरबाईंनी हो म्हटलंय, आणि नसतं म्हटलं तरी मी गेले असते. प्रत्येक खाटेशी बसेन आणि सांगेन: सुई घ्या, माझा भाऊ त्या सुईनं क्षयातून उठला. आणि सुईनंतर पाण्यात उतरू नका, अंधारात एकटं चालू नका, तोल गेला तर लाजू नका, घरात सांगा, कारण माझा भाऊ वर समजून खाली गेला. दोन्ही सांगेन. एक सांगून दुसरं गिळणार नाही. कुणी नुसतं पहिलं ऐकून उठायला लागलं तर हात धरून बसवेन, आणि कुणी नुसतं दुसरं ऐकून पळायला लागलं तर दारात आडवी उभी राहीन.

तुझी धाकटी बहीण,
शकू